चौघांतलं एक नाव

घुम्याला बाईंविषयी जे ठाऊक होतं ते एका पोस्टकार्डावर मावलं असतं, आणि निम्मं कार्ड कोरंच राहिलं असतं. पूर्वी त्या एका हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होत्या. पायात पुरुषी बूट घालायच्या. चहा इतका गार करून प्यायच्या की त्याला चहा म्हणणं जिवावर यावं. घरी कोण होतं, मूलबाळ होतं की नव्हतं, हे घुम्याने कधी विचारलं नाही. बाई गेल्याचं जुन्या सोबत्याकडून कळलं, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की उभ्या आयुष्यात त्यांची भेट तीनदाच झालेली.

बाईंना मात्र घुम्याची कुंडली पाठ होती. तो त्यांचा धंदाच होता. ज्या मोठ्या खुर्चीवर बसायला कुणी धजत नाही, तिच्यासाठी त्या माणूस शोधून द्यायच्या. घुम्या औषधाच्या बाटल्या भरण्याच्या कारखान्यात दोन नंबरचा साहेब होता. बोलायचा कमी, म्हणून कामगारांनी हे नाव ठेवलेलं. राहायला कारखान्याच्याच आवारातली जागा. तिथेच बायको, आणि खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली आई.

मालकांचा एक नियम होता. दुसरीकडे नोकरी बघणारा माणूस त्यांना खपत नसे. भांडारातला एक कारकून असाच कळला, तर संध्याकाळी त्याच्या गाद्या फाटकाबाहेर होत्या. तेव्हापासून आवारात नोकरीविषयी कुणी ब्र काढत नसे. घराघरांतले फोनही कारखान्याच्या बोर्डावरून जोडले जात. त्यामुळे जुन्या सोबत्याने भेटीत सांगून ठेवलं होतं, "एका बाईंना तुझं नाव दिलंय. दातांच्या दवाखान्यातून बोलतेय म्हणतील. मुकाट्याने जा."

फोन बायकोने उचलला.

"अहो, बाईचा फोन, दातांच्या दवाखान्यातून. खाली बसून घ्या, नाहीतर चक्कर यायची." मग तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "दात दुखतोय आणि मला सांगितलं नाहीत?"

दवाखाना बाईंच्या चुलतभावाचा. बाई माणसांना तिथेच भेटत. का आलात म्हणून तिथे कुणी विचारत नाही, आणि चेहरा पडलेला असला तर शोभूनच दिसतो. आत यंत्र कुरकुरत होतं, बाहेर बाकावर घुम्या दाराकडे डोळे लावून बसला होता. ओळखीचं कुणी आलं तर तोंडावर रुमाल धरायचा, एवढं त्याने ठरवलेलं.

"सलाईनचा कारखाना आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "माल बिघडला, माणसं दगावली. आधीच्या मुख्य साहेबांनी ते दाबून ठेवलं, आता चौकशीला हेलपाटे घालतायत. वर्ष झालं, खुर्ची रिकामी. जाहिरात दिली की नको ती माणसं रांग लावतात. जी हवीत ती आपापल्या कामात बुडालेली. मग मी फोन करत सुटते. तुमच्यासाठी नाही हो, दुसरं कुणी सुचवाल का, असं विचारते. तिघांनी तुमचं नाव घेतलं, आणि तिघंही म्हणाले, तो हलायचा नाही."

घुम्याने दाराकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाला, "तिथं सलाईनला पाणी कुठून येतं?"

बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "आजवर जो भेटला त्याने पगार विचारला. पाणी विचारणारे तुम्ही पहिले."

"नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत कुणाला कळता कामा नये. आई आहे घरी."

"तोंडाला कुलूप," बाई म्हणाल्या.

त्यानंतरचे दिवस घुम्याने जीव मुठीत धरून काढले. शिपाई खुर्ची पुसताना जरा रेंगाळला की वाटायचं, कळलं. बायकोला तेवढं त्याने खरं सांगितलं होतं. ती म्हणायची, "एवढं घाबरायचं तर जायचं कशाला?" त्याला ते काम करायचं होतं, एवढंच. आणि हे तिला सांगायचीही लाज वाटत होती.

एका संध्याकाळी दार वाजलं. दारात बाई. कपाळावर घाम, बुटांवर धूळ.

"फोनवर सांगण्यासारखं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "तिकडच्या मंडळींना तुमच्या वरच्या माणसाचं मत हवं होतं. म्हणून तुमच्या निवृत्त चीफ साहेबांना फोन लावला. आमची रीत असते. एकाविषयी विचारायचं असेल तर चौघांची नावं घ्यायची, म्हणजे कोण हवाय ते कळत नाही. तिघांचं झालं. तुमचं नाव निघालं तसे ते हसले. म्हणाले, त्याचे मालकच इथे माझ्याशी बुद्धिबळ खेळतायत, त्यांनाच विचारा, देतो फोन."

बायकोने पुढचं दार लोटून घेतलं.

"आणि मी फोन ठेवला," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं फोनवर काढली आणि घाबरून ठेवून दिला. तशीच बोलत राहिले असते तर कदाचित खपून गेलं असतं. ठेवला, तिथेच मालकांना सगळं कळलं. बाकीचे तिघं दुसरीकडचे. तुमच्या मालकांकडचे तुम्ही एकटेच."

"पत्र?" घुम्याने विचारलं.

"सही व्हायचीय. वाटलं तर मी तुमचं नाव काढून घेते. तुम्ही म्हणा, कोण विचारत होतं मला माहीत नाही. कदाचित नोकरी वाचेल."

"कदाचित म्हणजे किती?" बायकोने विचारलं.

आतून आईने विचारलं, "कोण आलंय रे?"

"दवाखान्यातल्या बाई," बायको म्हणाली.

घुम्याने चपला घातल्या. "बोलावणं यायच्या आत मीच जातो."

मालकांचा बंगला आवाराच्या टोकाला. एवढ्याशा रस्त्यात त्याला दोनदा परत फिरावंसं वाटलं. कारकुनाच्या गाद्या आठवत होत्या, आणि त्यांच्या जागी आईची खाट दिसत होती. मालक व्हरांड्यात नखं कापत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"दात काय म्हणतो?"

म्हणजे बोर्डावरून दवाखान्याच्या फोनचंही कळलं होतं.

"दात बरा आहे. मी दुसरीकडे बोलणं लावलंय. ते सांगायला आलो."

"पत्र आलं?"

"नाही."

"पत्र नाही आणि सांगायला आलास?" मालकांनी आता पहिल्यांदा वर पाहिलं. "तुला अक्कल नाही हे मला आधी कळायला हवं होतं. उद्या दुपारपर्यंत जागा खाली कर."

तो घरी आला तर बाई पदर खोचून बसलेल्या, बायकोच्या कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. चेहऱ्यावरूनच दोघींना कळलं. बायको आईची औषधं गोळा करायला लागली. बाई उठल्या आणि त्याला घेऊन फाटकाबाहेरच्या दुकानातल्या फोनपाशी गेल्या.

बाईंनी सलाईनच्या कारखान्याला फोन लावला. पलीकडचा आवाज चढा होता. घुम्यालाही ऐकू येत होता. "काढून टाकलेला माणूस आमच्या गळ्यात घालता?"

बाईंच्या धंद्यात नोकरी सुटलेल्या माणसाकडे कुणी ढुंकून बघत नाही, हे घुम्याला सोबत्याने सांगितलं होतं. त्याला वाटलं, गेलं. हेही गेलं, तेही गेलं.

"काढण्याआधी स्वतः जाऊन सांगितलंय त्यांनी," बाई म्हणाल्या. आवाज ऑपरेटरचा, सपाट. "तुमचे आधीचे साहेब दाबून ठेवायचे. हा माणूस हातात पत्र नसताना सांगून आला. तुम्हाला याहून निराळा कोण हवाय ते मला सांगा, म्हणजे मी शोधायचं थांबवते. अहो, चूक माझी होती. ती त्याच्या नावावर लिहू नका."

पलीकडे शांतता. मग, "सकाळी बघतो."

त्या "सकाळी बघतो"वर घुम्याच्या घराने सामान बांधलं. खाट कुठे उतरवायची हे कुणाला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो भरत आला तेव्हा बाई रिक्षातून उतरल्या. लिफाफा त्यांनी घुम्याला दिला नाही, बायकोच्या हातात दिला. तिने उघडून सही पाहिली, दोनदा पाहिली, आणि टेम्पोच्या फळीवर मटकन बसली. "राहायला जागाही लिहिलीय," ती म्हणाली. टेम्पोवाल्याला पत्ता मिळाला.

आभार मानावेत असं घुम्याला फार वाटत होतं. तो टेम्पोची साखळी उगाच पुन्हा लावत राहिला. बाईच आईच्या खाटेभोवती फिरून आल्या.

"दोरी ढिली वाटतेय हो या बाजूने."

"आवळतो."

"आणि उशाशी काहीतरी द्या. रस्ता खराब आहे."

"चादर देतो."

"हं. द्या."