हातमागाच्या आवाजाआड

सुनंदाताई बेनाडीकर यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांचे सहकारी आणि विद्यार्थी लिहितीलच. त्यांनी ताईंना वर्गात पाहिलं आहे, व्यासपीठावर पाहिलं आहे. मी मात्र ताईंना प्रथम पाहिलं ते निम्म्यानं. मोबाईलच्या पडद्यावर एक रुंद कपाळ, त्यावर ठसठशीत कुंकू आणि वर गरगरणारा पंखा, एवढंच दिसत होतं. मी दिसते का, असं त्यांनी विचारलं. मी पडले शिक्षिका, खोटं बोलवेना. थोड्या दिसता, म्हणाले. ताई खळखळून हसल्या आणि कित्येक आठवड्यांनी मीही हसले.

मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर ताईंनी निपाणीत राहत्या घरी समुपदेशन सुरू केलं होतं. टाळेबंदीत महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरचा कोगनोळीचा नाका बंद झाला आणि पलीकडून त्यांच्याकडे येणारी माणसं तिकडेच अडकली. तेव्हा सत्तरीला टेकलेल्या ताई भाच्याकडून व्हिडिओ कॉल शिकल्या. फोन उभा कुठं ठेवायचा हे तेवढं भाचा शिकवायचं विसरला असावा.

माझं दुखणं टाळेबंदी उठून शाळा पुन्हा भरल्यावरचं. ते असं, की वर्गात फळ्याकडे वळलं की छाती धडधडायची, हात गार पडायचे, आता कोसळते असं वाटायचं. हृदयाच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. समुपदेशकांशी बोला, असं डॉक्टरांनी सुचवलं. पण आमच्या वडगावात कुणाची स्कूटर कुणाच्या दारात लागली, हे ती बंद व्हायच्या आत गल्लीला कळतं. त्यापेक्षा नोकरी सोडलेली बरी, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. शिकवण्याइतकं मला दुसरं काहीच आवडत नव्हतं, तरीही. अशात एका मैत्रिणीनं ताईंचा नंबर दिला. घरबसल्या होतंय तर राजीनाम्याआधी एवढं करून बघू, असा विचार केला.

ताईंनी दुखण्याआधी भलतंच विचारायला सुरुवात केली. कुठं बसलाय, दार लागतं का, कॉल तुटला तर परत कुणी कुणाला करायचा, एकदम त्रास वाढला तर जवळचं कोण धावून येईल. फोनवर सगळंच भागत नाही, गरज वाटली तर औषधासाठी डॉक्टरांकडे पाठवीन, हेही त्यांनी स्वच्छ सांगितलं. माणसाला धीर देताना खोटी आशा लावायची नाही, हा त्यांचा दंडक तेव्हापासून पाहते आहे.

माझी फजिती पुढंच होती. आमच्या सोप्यात हातमाग आहे. सासूबाई, ज्यांना आम्ही आत्ती म्हणतो, त्या तो अजून चालवतात. कॉल लागल्यावर मध्येच उठून, शाळेची मिटिंग आहे असं सांगून, मी त्यांना माग थांबवायला लावला. घर इतकं चिडीचूप झालं, की बंद दाराआडून आत्तींच्या बांगड्या ऐकू येऊ लागल्या. म्हणजे माझं बोलणंही तिकडं जाणार! उरलेला सगळा वेळ मी ताईंना आमच्या शाळेच्या पटसंख्येची माहिती दिली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली.

शेवटी म्हणाल्या, "सुरुवातीला खटखट ऐकू येत होती, ती कसली?"

मी सांगितलं.

"मग ती बंद कशाला केलीत? पुढच्या वेळी चालू राहू दे. हेडफोन घाला आणि त्या आवाजाआड बोला."

पुढच्या गुरुवारी, मिटिंग आहे, पण माग चालू ठेवा, असं मी आत्तींना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"मिटिंगला कुणी माग चालू ठेवा म्हणत न्हाय गं," त्या म्हणाल्या. "कुणाशी बोलतीस ते मी इचारत न्हाय. तुझं हुईस्तोवर माग थांबत न्हाय. जा, बोल तू."

त्या दिवशी मी बोलले, रडले, पुन्हा बोलले. तोंड धुवून सोप्यात आले तर कापड बोटभरही पुढं सरकलं नव्हतं. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यातलं सूत संपलं होतं आणि आत्ती रिकामा धोटा फेकत बसल्या होत्या. सूत भरायला थांबल्या असत्या तर आवाज थांबला असता. मला त्यांच्याबद्दल एवढी माया त्याआधी कधी वाटली नव्हती.

जादू वगैरे काही झाली नाही. आधी रिकाम्या वर्गात फळ्यावर एक ओळ लिहायची, मग मुलांसमोर एक, मग दोन. मध्येच पहिले पाढे पंचावन्न व्हायचे. मी ओशाळायचे, ताई मात्र प्रत्येक वेळी तितक्याच उत्साहानं पहिल्या ओळीपासून सुरू करायच्या. दिवाळीच्या सुट्टीआधी मी पूर्ण तास घेतला आणि राजीनाम्याचा विषय संपला.

पुढं निपाणीत एका लग्नात ताई समोर दिसल्या. ओळख न दाखवता जिलेबी घेऊन पुढं निघून गेल्या. मला वाईट वाटलं. मीच जाऊन नमस्कार केला, तेव्हा त्यांनी माझा हात घट्ट धरला. ओळख दाखवायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, मी नाही, असं म्हणाल्या. आज लिहिताना समजतं, की हे सगळं उघडपणे लिहिण्याची मोकळीकही त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती. आता ताईंकडे येणारी नवी माणसं आधी माझ्याशी बोलतात. कुठं बसायचं, घरात कुणाला सांगायचं, हे मी त्यांना समजावते. कानडीत तक्रार आणि मराठीत रडणं, दोन्ही ताईंना चालतं, हेही सांगते.

आणखी एक गोष्ट आत्तींच्या परवानगीनं लिहिते. एव्हाना ताईंबद्दल मी त्यांना सांगितलं होतं. गेल्या वर्षी त्यांनी धोट्याकडे बघतच मला विचारलं, "त्या निपाणीच्या बाई माझ्यासारखीशी बोलतील व्हय?"

आता गुरुवारी आत्ती आतल्या खोलीत जातात आणि दार लावून घेतात. त्या काय बोलतात ते मी विचारत नाही. मी मागावर बसते. माझं विणकाम इतकं वाईट आहे, की ते आत्तींना दुसऱ्या दिवशी सगळं उसवावं लागतं, पण आवाज मी थांबू देत नाही.

ताई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आत्तींचं बरंच बोलायचं राहिलं आहे, आणि मलाही अजून नीट विणता येत नाही.