मागच्या चाकाचा नट

ज्याच्या हाताला अक्कल नाही त्याने टॉर्क पाना घ्यावा, असं माझे बाबा म्हणायचे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ते फिटर होते. नट ठरलेल्या आकड्यापर्यंत आवळला गेला की 'टक्' करणारा तो लांब दांड्याचा पाना, साहेब लोक तपासणीला आले की तेवढ्यापुरता कपाटातून निघायचा. बाबा आधी हाताने आवळायचे, मग तो लावून दाखवायचे, आणि नट न हलता टक् झालं की घरी येऊन आईला दोनदा सांगायचे. आईला त्यातलं काही कळायचं नाही. ती भाजी परतता परतता "हो का" म्हणायची.

मी अकरावीत गेले त्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. पाय सुधारला, बोलणं सुधारलं, उजवा हातसुद्धा हलायला लागला, पण त्या हाताला काही कळेनासं झालं. गरम पेला धरला तरी बोटं तशीच. फोड आला की आम्हाला समजायचं. कंपनीने घरी बसवलं. मग उरली पान्यांची पेटी आणि माझी सायकल. कोपरखैरण्याहून वाशीच्या कॉलेजला मी सायकलनेच जायचे, आणि ती दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही असा बाबांचा हट्ट होता. हट्ट कसला, माणसाकडे तेवढंच राहिलं होतं.

पुढचं चाक पंक्चर झालं तेव्हा ते त्यांनीच काढलं आणि त्यांनीच बसवलं. वाशीच्या वळणावर ते तिरकं झालं आणि मी हनुवटीवर पडले. टाके पडले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला? मी घरी खड्ड्याचं नाव सांगितलं. पण बाबांनी चाकाचा नट बोटाने फिरवून पाहिला. तो फिरला. "मीच ढिला ठेवला," ते आईसमोर म्हणाले. दुसऱ्या खेपेला त्यांनी तो इतका आवळला की आटेच गेले.

आई सोसणारी बाई, पण त्या दिवशी ती थांबली नाही. "अहो, आता बास. परत काय झालं तर ही सायकल विकायची, आणि ती पेटी भंगारवाल्याला. पोर एकच आहे आपल्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना बाबा म्हणाले, "टॉर्क पाना घ्यायचा."

आजारपणात ते रडले होते, तेव्हाही मी एवढी घाबरले नव्हते.

वाशीला मार्केटच्या मागे ट्रकवाल्यांसाठी हत्यारांची दुकानं होती. बाबांनी नवा नट रुमालात बांधून घेतला होता. "कुठल्या गाडीसाठी, काका?" दुकानदाराने विचारलं. "आहे एक," बाबा म्हणाले. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून मीच सांगितलं, "सायकल." दुकानातले दोघे-तिघे हसले. "सायकलला कोण टॉर्क लावतं? कोपऱ्यावरचा सायकलवाला आवळून देईल की." मला त्यांचा असा राग आला होता की काउंटरवरचा एखादा पाना उचलून डोक्यात घालावासा वाटला.

पान्याच्या टोकाला बसवायच्या गोट्या बाबा मात्र शांतपणे बघत होते. प्रत्येक गोटीत नट घालून हलवायचे. बाराकोनी नको, सहाकोनी दे, ती नटाचे कोपरे खात नाही, असं त्यांनी दुकानदाराला सुनावलं. तेवढा वेळ ते अगदी पूर्वीसारखे होते.

ट्रकचा पाना कामाचा नव्हता. त्याचा आकडा जिथे सुरू होतो तिथे सायकलचा नट तुटतो. छोटे दोन निघाले. एक ठरलेल्या आकड्याला 'टक्' करणारा, दुसरा काट्याचा, जोर लावू तसा आकड्यांवर काटा सरकणारा. बाबांना टक् करणारा हवा होता, कंपनीत होता तसा. दुकानदाराने टेबलावरच्या शेगड्याच्या पकडीत बोल्ट धरला. बाबांनी ओढलं. टक् झालं, मी ऐकलं. बाबा ओढतच राहिले.

"बाबा, झालं."

"कधी?"

बाहेर ट्रक चालू होते, आवाज त्यांना आला नसेल. पण तो झटका हाताला बसतो, दांडा धरलेल्या तळव्याला. दुकानात आता कोणी हसत नव्हतं. "काट्याचा दे," बाबा म्हणाले.

इमारतीखाली सायकल उलटी केली. आई जिन्यात येऊन उभी राहिली. कोणत्या आकड्याला आवळायचं ते मला कळेना. तो कसा शोधायचा ते बाबांना ठाऊक होतं. मागचं चाक आजारपणाआधी त्यांनी बसवलं होतं; त्यानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता. "तिथे माझा हात आहे अजून," ते म्हणाले. त्या नटाला पाना लावून हळूहळू आवळत जायचं. तो जागचा हलेल तेव्हा काटा जिथे असेल तो त्यांचा आकडा.

त्यांनी डाव्या हाताने ओढलं, मग दोन्ही हातांनी. काटा थोडा सरकायचा आणि परत यायचा. त्यांची मान घामाने भिजली. आईने तोंड फिरवलं. शेवटी त्यांनी पाना माझ्याकडे दिला आणि काट्यापाशी डोळे नेले.

मी ओढलं. बराच वेळ काही नाही, मग नट किंचित सरकला. बाबांनी काट्याखाली खडूची रेघ मारली. त्यांच्या हाताला कळत होतं तेव्हा आवळलेला तो शेवटचा नट होता आणि मी तो हलवला होता.

पुढच्या चाकाचे दोन्ही नट मी त्याच रेघेपर्यंत आवळले. "बस," बाबा म्हणाले. मग माझ्या हाताकडे बघत विचारलं, "कसं लागलं?"

"घट्ट."

"घट्ट आहे ते काटा सांगतो. हाताला कसं लागलं?"

मी तळवा उघडून पाहिला. दांड्याचा लाल वळ उठला होता.

"सांग ना," बाबा म्हणाले. "तेवढं सांग."

मला सांगता आलं नाही. त्यांनी पाना पुसला, पेटीत ठेवला आणि पेटी माझ्या पायाशी सरकवली. त्यानंतर त्यांनी ती कधी उघडली नाही.