निळ्या अक्षरांतलं स्थळ

नारायणगावच्या स्टँडजवळच्या ज्या दुकानात मी कामाला होते, तिथं पूर्वी लग्नपत्रिका छापायचे. आता लग्नाचे बायोडाटे बनतात. मालक मूळचे राजस्थानातले जैन व्यापारी, पण बोलणं इथलंच. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. धंद्याचं त्यांचं तत्त्व सरळ होतं : "गिऱ्हाईक बोट दाखवील ते निळं करायचं." निळं म्हणजे लिंक. बायोडाट्यात 'शेती' हा शब्द निळा करून खाली रेघ मारायची. त्यावर बोट टेकवलं की दुकानानं त्या मुलासाठी बनवलेलं वेबपेज उघडायचं आणि त्यात बसवलेला व्हिडिओ सुरू व्हायचा. वरून ड्रोन, खाली द्राक्षबाग, मागं सनई.

शेतकरी मुलांना मुली मिळेनात, त्यामुळे आमचं बरं चाललं होतं. मुलीच्या बापाला नोकरीवाला जावई हवा. तो नसेल तर निदान ड्रोनमधून बरा दिसणारा तरी. एकाच भाड्याच्या लाल ट्रॅक्टरला टेकवून मी कितीतरी नवरदेव उजवले आहेत.

मी एकदा शेठना विचारलं होतं, की व्हिडिओ थेट फाईलमध्येच का बसवून देत नाही? ते म्हणाले, "फाईल जड होती. आन एखाद्यानं व्हिडिओ बदलून मागितला तर? फाईल गावभर फिरलेली असती, ती कुठं गोळा करत बसणार? पत्ता तोच ठिवायचा, घरातलं माणूस बदलायचं." त्या वेळी मी नुसती मान डोलावली. ह्या ज्ञानाचा मला घरी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मग एका संध्याकाळी पिंपळवंडीच्या घरी वडिलांनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "डिंभ्याकडचं स्थळ हाय. बाग बघ, बाग!"

बाग मी बघितलेली होती. तिला सनई मीच लावली होती. ती डिंभ्याची तर नव्हतीच. नारायणगावच्या रस्त्याकडेच्या एका भल्या माणसाची होती, आणि त्या बिचाऱ्याला आपण कुणाचे तरी सासरे होणार असल्याचा पत्ता नव्हता. मी वडिलांना सगळं सांगितलं. ही फाईल मीच बनवलीय, हेही सांगितलं.

"तुला परत्येक स्थळात खोट दिसती," वडील म्हणाले. "डोळ्यानं दिसतंय की ह्यात!"

पोटच्या पोरीपेक्षा त्यांचा माझ्या एडिटिंगवर जास्त विश्वास बसला होता. कारागीर म्हणून माझी छाती फुगायला हवी होती. मुलगी म्हणून तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी मामा आणि आत्या येणार होते. त्यांनी हो म्हटलं की सुपारी फुटणार, आणि मी माझ्याच हातच्या खोट्यात नांदायला जाणार.

शनिवारी दुकानात मी त्या वेबपेजवरचा व्हिडिओ काढला आणि त्या जागी न कापलेलं मूळ चित्रीकरण बसवलं. पत्ता तोच. शेठनी बघितलं आणि चष्मा पुसत बसले.

रविवारी पोहे झाले. वडिलांनी ऐटीत निळ्या 'शेती'वर बोट टेकवलं आणि मोबाईल सगळ्यांना दिसेल असा धरला. सनई वाजलीच नाही. मुलाच्या चुलत्याचा आवाज आला : "ए, मालकाच्या नावाची पाटी मधी येऊ देऊ नको हां! कडंकडंनं घे!"

मला वाटलं, झालं. आता वडील भडकणार, आत्या कपाळावर हात मारणार, स्थळ मोडणार.

मामा मात्र खो खो हसायला लागले. "दाजी, तुमच्या लग्नाच्या टायमाला आमाला बैलजोडी दावली ती कुणाची व्हती? आमची बहीण सासरी आल्यावर इचारती, बैल कुठंयत, तर म्हणं बाजाराला गेल्यात!" वडीलही हसले. "एवढं तेवढं चालायचंच," आत्या म्हणाली. माझा सुतळी बॉम्ब फुसका निघाला. रडू येईल एवढा राग आला होता, पण रडायचं कुणासमोर?

व्हिडिओ चालूच होता. आता मुलाच्या घरचं अंगण, बघायला जमलेली चार-पाच माणसं. मुलगा त्याच लाल ट्रॅक्टरला टेकून म्हणत होता, "मी निर्व्यसनी आहे." तेवढ्यात कडेनं एक बाई आली, डोक्यावर गवताचा भलाथोरला भारा. मुलगा म्हणाला, "आई, तिकडंच थांब की! व्हिडिओ खराब व्हतोय." ती मुकाट्यानं मागं सरली. मुलगा पुन्हा निर्व्यसनी झाला. मग अडखळला आणि पुन्हा झाला.

"जरा मागं घ्या," आई म्हणाली.

ती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. स्थळाच्या बोलण्यात तिनं तोंड उघडल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. वडिलांनीही नसावं, कारण त्यांनी गुमान व्हिडिओ मागं घेतला.

"ती तिथंच हाय अजून," आई म्हणाली. "त्या पोराच्या पायापशी बघा."

मुलाच्या पायाशी एक सावली होती, वर रुंद, खाली बारीक. तो अडखळत होता, चुलता ओरडत होता, आणि ती सावली जरा जरा डुलत होती. एडिटिंग करताना मी खालची तेवढी कड कापून टाकली होती. सावली कशाची, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"एवढी माणसं हायेत अंगणात," आई म्हणाली. "एकानंबी तिच्या डोक्यावरचा भारा उतरवून घेतला न्हाई. त्या घरात माझी लेक जायची न्हाई."

मामांचं हसू थांबलं. वडिलांनी आईकडे बघितलं आणि मुलाच्या चुलत्याला फोन लावला. "काय हाय पावणं, पत्रिका जुळंना," ते म्हणाले. पत्रिका अजून कुणी मागितलीही नव्हती.

"पत्रिकेचं काय सांगताय त्यास्नी?" आई मोठ्यानं म्हणाली. "म्हणावं, आधी त्या बाईचा भारा उतरवा!"

वडिलांचा हात मोबाईलवर गेला, पण उशीर झाला होता. फोन चालू होता.