स्मरणिकेची शेवटची दोन पानं

नाखवा सर फळ्यावर भारताचा नकाशा काढायला लागले की आधी निळ्या खडूनं समुद्र काढायचे. जमीन नंतर, उरलेल्या जागेत. अंथुर्ण्याकडच्या आमच्या शाळेतल्या पोरांनी उजनीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. ती हसायची. सर म्हणायचे, "हसा, हसा! तुमचा माणूस किनाऱ्यावर उभा राहून म्हणतो, देश संपला. आमचा म्हणतो, आता सुरू झाला."

सर दाभोळकडचे कोकणी मुसलमान. इतिहास शिकवायला आले आणि उसाच्या मुलखात तीस वर्षं राहिले. मी मराठीचा मास्तर, माझी खुर्ची त्यांच्या शेजारी. आमच्या धरणातल्या चिलापी माशाला नावं ठेवत ते माझा डबा चाटूनपुसून संपवायचे. त्यांचे पूर्वज तांडेल, म्हणजे जहाज हाकणारे. त्यांनी आदिलशाहीसाठी अरबी घोडे बंदरात उतरवले, हाजींना मक्केच्या वाटेला लावलं, पुढे इंग्रजांच्या आगबोटींत कोळसाही ओढला. "निशाणं बदलली हो, वारा तोच राहिला," हे सरांचं पालुपद.

शाळेच्या स्मरणिकेचा मी संपादक झालो, तेव्हा सरांनी आयुष्यातला पहिला लेख लिहून दिला. घरात ऐकलेली हकिकत होती. दोन सख्खे भाऊ, एक मराठ्यांच्या आरमारात, दुसरा जंजिऱ्याच्या सिद्दीकडे. ईदला दोघं घरी येऊन एकाच ताटात जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या जहाजावर जायचे. "छापून आला की आईला वाचून दाखवीन," सर म्हणाले. आई नव्वदीची होती.

शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष तात्या, त्यांनी लेख चाळला. "मास्तर, लिवलंय झ्याक. पर ह्ये सिद्दीबिद्दी हितं कशाला? लोकं काय म्हणत्याल? ऱ्हाऊ द्या."

"व्हय तात्या," मी म्हणालो. मला मुख्याध्यापक व्हायचं होतं आणि ते तात्यांच्या हातात होतं. सरांना सांगितलं, "पानं संपली हो."

"असू दे," ते म्हणाले.

स्मरणिका आली, तर शेवटची दोन पानं कोरी! छापखान्यात पानं सोळाच्या पटीतच छापली जातात. उरलेल्या पानांवर छापखानेवाल्यानं 'नोंदी' असं छापून रेघा मारल्या होत्या. सरांनी ती पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि तासावर गेले. त्या दिवशी त्यांनी आधी जमीन काढली, असं पोरांनी सांगितलं.

निवृत्त होऊन गावी निघाले, तेव्हा इंदापूरच्या स्टँडवर त्यांनी आपली स्मरणिका माझ्या हातात ठेवली. "आईला हीच वाचून दाखवली," एवढंच म्हणाले. गाडी हलल्यावर मी ती उघडली. 'नोंदी'च्या रेघांवर निळ्या शाईत अख्खा लेख उतरवलेला होता.

गेल्या वर्षी सर गेल्याचा फोन आला. मी आता मुख्याध्यापक आहे. दाभोळला गेलो नाही. लाज वाटली, कुठल्या तोंडानं जाणार? कपाटातली प्रत तेवढी काढून पाहिली. लेख दीड पानात बसला आहे. खाली अर्धं पान अजून कोरं आहे.