गादीचा तोंडवळा

माझी धाकटी बहीण ज्योत्स्ना रस्त्याने चालली तर अनोळखी माणूस तिला शाळकरी मुलगी समजतो. दुकानाच्या गादीवर बसली की मात्र ती सगळ्यांपेक्षा उंच असते, कारण गादीवर एक पाट आणि पाटावर एक उशी असते. उशी सरकवलेली तिला चालत नाही. मी एकदा डोक्याखाली घ्यायला नेली तर अख्खा दिवस तिने मला चहा दिला नाही.

आमचं किराणा दुकान तळेगावात, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या श्यामजी पंतांच्या तळेगावात, हमरस्ता सोडून बाजाराकडे वळलं की लगेच. इतर घरांत दुकान थोरल्या मुलाकडे जातं, नाहीतर हुशार मुलाकडे. आमच्या घरात ते तोंडवळ्याकडे जातं. आजोबा डोमाजी यांचे डोळे एकमेकांपासून लांब, पापण्या जरा उतरलेल्या, कान खाली सरकलेले, मान आखूड आणि रुंद, उंची बेताची. गिऱ्हाइकं म्हणायची, या माणसाच्या डोळ्यांत कपट मावायला जागाच नाही. दुकान चांगलं चाललं, आणि ते या तोंडामुळेच चाललं असं घरात पक्कं ठरलं. पुढे वडिलांना, पुंडलिकरावांना, तसंच तोंड मिळालं आणि ठरलेलं आणखी पक्कं झालं.

त्यातून एक रीत पडली. बारशाच्या दिवशी बाळाला पाळण्यात घालण्याआधी दुकानाच्या गादीवर ठेवायचं. आजोबांनी त्याचं तोंड निरखायचं, मग छातीला कान लावायचा. गादीच्या वारसाच्या छातीत धडधडीच्या जोडीला 'फुस्स' असा आणखी एक आवाज असतो. ती म्हणे लक्ष्मीची फुंकर. ऐकू आली की बाळाच्या कपाळाला हळदीचा अंगठा लागायचा आणि पेढे वाटले जायचे.

मला गादीवर ठेवलं तेव्हा मी गोरागोमटा, सरळ नाकाचा, टपोऱ्या डोळ्यांचा होतो. आजोबांनी एकदा पाहिलं, कान लावला आणि आईला म्हणाले, "शिकवा याले." आमच्या घरात हे सांत्वनाचे शब्द आहेत. पुढे माझं जे काही एम.एस्सी. वगैरे झालं, ते इथे नापास झाल्यामुळे झालं.

पाच वर्षांनी ज्योत्स्ना गादीवर ठेवली गेली. तोंड तर उघडच आजोबांचं होतं, पण मुलगी म्हटल्यावर नातेवाइकांना वाटलं, म्हातारा तेवढ्यावर आटोपतं घेईल. आजोबांनी कान लावला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग हळदीत अंगठा बुडवला. कुणीतरी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "पोरगी हाये तं काय झालं? आवाज आयका तिचा!"

ज्योत्स्ना लहानपणी धावायची नाही. आम्ही लपंडाव खेळायचो तेव्हा ती राज्य द्यायला बसायची आणि बसूनच सगळ्यांना ओळखायची. जरा कुठे आपटली की अंगावर काळानिळा डाग पडायचा. आई, शोभाबाई, म्हणायची, गादीची लेकरं नाजूकच असतात. आजोबा गेल्यावर ज्योत्स्ना शाळेतून आली की बाबांच्या शेजारी बसू लागली, आणि शाळा संपल्यावर बाबा तिच्या शेजारी बसू लागले. साबणाचा किंवा चहाचा नवा एजंट आला की विचारायचा, मालक कुठे आहेत? "मालक जेवाले गेले, बसा जरा," असं म्हणून ती त्याला चांगलं तासभर बसवायची आणि मग म्हणायची, "हं, मालक आले. बोला." मधल्या वेळात ती जागची हललेलीसुद्धा नसायची.

मी तेव्हा नागपूरला जीवरसायनशास्त्र शिकत होतो. २००२ साली बाहेरगावचे एक प्राध्यापक व्याख्यानाला आले. विषय होता टायरोसिन फॉस्फेटेज नावाची एन्झाइम. या जातीतल्या एकाच्या जनुकात बिघाड झाला की काय होतं, हे नुकतंच कळलं होतं, आणि ते दाखवायला त्यांनी पडद्यावर एका परदेशी मुलीचं चित्र लावलं. लांब लांब डोळे, उतरलेल्या पापण्या, रुंद मान. मी भर वर्गात ओरडलो, "ही तर आमची ज्योत्स्ना!"

वर्ग हसला. मीही हसलो, पण पुढचं चित्र आलं ते हृदयाचं होतं. फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या वाटेवरची झडप अशा मुलांत जाड असू शकते, रक्त चिंचोळ्या जागेतून जाताना आवाज येतो, आणि तो डॉक्टरला छातीवर ऐकू येतो. लक्ष्मीची फुंकर म्हणजे काय, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. आणि घरात नुसते ऐकलेले हेमराजकाका आठवले. बाबांचे धाकटे भाऊ, हेच तोंड, हाच आवाज. लहानपणीच बाजारात धावताना पडले ते उठले नाहीत. घरात सगळे म्हणायचे, दृष्ट लागली.

मिळेल त्या बसने मी घरी आलो. ज्योत्स्ना गोदामातून जिना चढून वर आली आणि तांदळाच्या पोत्यावर टेकून श्वास घेत राहिली. हे मी आधी शंभर वेळा पाहिलं असेल. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते दिसलं. मी बाबांना म्हणालो, हिला नागपूरला हृदयाच्या डॉक्टरकडे न्यायचं आहे, आणि तुम्हीही चला. मग सगळं सांगितलं. सांगायला नको होतं असं नाही, पण ज्या शब्दांत सांगितलं ते शब्द पुस्तकी होते. विकार, दोष, बिघाड.

बाबा कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "आपल्या घरच्या तोंडाले रोग म्हणून राह्यला काय तू? माह्या बापाले रोगी म्हणून राह्यला? हेच शिकवलं काय तुले नागपुरात?"

"बाबा, हेमराजकाका कसे गेले?"

"त्याचं नाव काढू नको!" असं म्हणून ते आत गेले आणि जेवायलाही बाहेर आले नाहीत. आई माझ्यावर चिडली, मी बाबांवर चिडलो, आणि ज्योत्स्ना आम्हा सगळ्यांवर. छाती तिची होती आणि तिला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तिला काय झालंय हे मी बाबांच्या आधी तिला सांगायला हवं होतं, असं ती आजही मला ऐकवते. रात्रीचं सोडा, सकाळीही कुणी कुणाशी बोलेना. बाबा दुकान उघडून वजनं पुसत बसले होते. दरवर्षी ते काटा आणि वजनं सरकारी शिक्का मारून आणायला आर्वीला नेतात. गावात काही दुकानदार वजनं तपासणारा सरकारी माणूस दारात येईपर्यंत थांबतात. बाबा स्वतः जातात, काटा मांडीवर घेऊन, लेकरू न्यावं तसा. ज्योत्स्ना त्यांच्यासमोर जाऊन बसली. मी पोत्यामागे उभा होतो.

"बाबा, आपला काटा खोटा हाये काय?"

"काऊन? कोण म्हणते?"

"मंग दरसाल शिक्का माराले काऊन नेता?"

"खोटा नाई म्हणूनच नेतो. वापरून वापरून फरक पडते. आपल्याले समजत नाई, त्यायच्या यंत्राले समजते."

"मंग मलेही न्या," ज्योत्स्ना म्हणाली. "मी खोटी नाई. वापरून फरक पडला असन तं पाहून घेऊ."

बाबांनी हातातलं वजन खाली ठेवलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ते तोंड म्हणजे त्यांचंच तोंड. मग म्हणाले, "हेमराज धावला नसता तं राह्यला असता काय रे, प्रफुल?" मी पोत्यामागे आहे हे त्यांना माहीत होतं. मी वाकून त्यांच्या पाया पडलो, जे मी दिवाळीलाही टाळतो.

नागपूरच्या डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. बाबांची झडप जराशीच जाड होती, तिने आयुष्यभर काही त्रास दिला नव्हता. ज्योत्स्नाची मात्र फार अरुंद झालेली होती आणि हृदय जोर लावून लावून थकत चाललं होतं. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी नेऊन तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा, असं ठरलं. डॉक्टर म्हणाले, अशा मुलांची झडप चिवट असते, फुगा पुरला तर ठीक, नाहीतर छाती उघडावी लागेल. रक्त लवकर थांबत नाही, त्याचीही तयारी ठेवली. ती आत होती तेव्हा बाबा बाकावर बसून होते आणि मी जाईन तिथे माझ्या मागे येत होते. पाणी प्यायला गेलो तरी मागे. मला एवढी भीती कधीच वाटली नव्हती.

फुगा पुरला. डॉक्टरांनी बाहेर येऊन हे सांगितलं तेव्हा बाबांनी त्यांना विचारलं, "शिक्का भेटला ना?" डॉक्टरांना काही उमगलं नाही, पण ते हो म्हणाले.

पलंगावर पडल्या पडल्या ज्योत्स्नाने मला फर्मावलं की आता नीट सांग, पुस्तक बाजूला ठेव. मी सांगितलं. पेशीच्या आत निरोप फिरत असतात. प्रथिनाच्या माळेत टायरोसिन नावाचा एक मणी असतो. त्याला फॉस्फेटची टिकली लावणारी एन्झाइम वेगळी आणि ती काढणारी वेगळी. काढणारी म्हणजे फॉस्फेटेज. टिकली काढली की बहुतेक वेळा निरोप थांबतो. पण आपल्या घरातलं जे आहे ते उफराटं. ते टिकली काढतं आणि वाढीचा निरोप उलट पुढे जातो. म्हणून काम नसलं की ते स्वतःला मिटून घेतं. आपल्याकडच्याला नीट मिटताच येत नाही.

"म्हंजे शटर पुरतं खाली येत नाई," ती म्हणाली.

"बरोब्बर. वेळ संपली तरी गिऱ्हाईक आत येतच राहतं. त्यामुळे आईच्या पोटातच झडप जाड झाली."

"वाढीचाच निरोप अन् मी एवढीशी कशी?"

"ते अजून कुणाला नीट कळलेलं नाही."

"मंग तू शिकून राह्यला तरी काय इतके दिवस?"

या प्रश्नाचं उत्तर मी पुण्याच्या प्रयोगशाळेत आजवर शोधतो आहे. म्हणजे मला कामाला लावलं आहे ते त्याच घराण्यातल्या दुसऱ्या एका एन्झाइमवर. ते इन्सुलिनच्या निरोपाची टिकली काढून निरोप थांबवतं. त्याला जरा आवरता आलं तर मधुमेहावर औषध होईल, असं पुष्कळांना वाटतं, पण त्याच्यासारखी दिसणारी भावंडं इतकी की एकाला धरावं तर दुसरंच सापडतं. माझ्या आईला साखर आहे. विषयासाठी मला घराबाहेर जावं लागलं नाही, एवढं खरं.

साखर पुढे ज्योत्स्नाच्याही उपयोगी पडली. प्रेमदास नावाचे एक उंच मास्तर रोज संध्याकाळी दुकानात येऊन पावभर साखर घेऊ लागले. एकटा जीव, रोज पावभर. आई काळजीने म्हणाली, "एवढी साखर खाऊन याले काई होत नाई काय?" मास्तरांना काय झालं होतं ते ज्योत्स्नाला ठाऊक होतं. लग्नाचं ठरण्याआधी तिने त्यांना स्वतः सगळं सांगितलं, झडपेचंही, आणि मूल झालं तर हे त्याच्याकडे जाण्याची शक्यता अर्धी-अर्धी, हेही. मास्तर म्हणाले, "हरकत नाही, माझ्याकडची अर्धी शक्यता काही फार चांगली नाही. मला चष्मा आहे." मला हा माणूस तेव्हापासून आवडतो.

२००८ साली मुलगी झाली. बारशाला मी पुण्याहून आलो. आईने बाळ माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे पाहत राहिली. डोळे लांब लांब, कान खाली, मानेला घडी. मला विचारायची कुणाची हिंमत नव्हती आणि मला सांगायची गरज नव्हती. एके काळी हे तोंड पाहून या घरात नाचले असते. आता सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि जमलेल्या बायका पेढ्यांच्या डब्याकडे पाहत उभ्या होत्या, उघडावा की नाही.

ज्योत्स्नाने बाळाला गादीवर ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी फार कमी वेळा पाहिलं आहे. म्हणाली, "बाबा, आता आनंद कराचा का नाई कराचा, तुमीच सांगा."

बाबा खाली वाकले, बाळाच्या छातीला कान लावला. बाबांनी मान वर केली. "आवाज हाये," ते म्हणाले. "थोडाच हाये, पण हाये. प्रफुल, उद्याच्याले नागपूरची गाडी पाह्य. डाक्टरले फोन करून ठेवजो." मग त्यांनी हळदीची वाटी पुढे ओढली आणि अंगठा बुडवला.

"मंग हळद काऊन, बाबा?" ज्योत्स्नाने विचारलं.

"रोगाचं डाक्टर पाह्यतीन," बाबा म्हणाले, आणि बाळाच्या कपाळाला अंगठा टेकवला. "तोंडाचं मी पाह्यतो."

आईने पेढ्यांचा डबा उघडला.