चार बोटं केस

आधीच सांगून ठेवतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तिठ्यावर उतारा दिसला तर मी त्यातला नारळ उचलून घरी आणायचो आणि त्याची चटणी करायला सांगायचो. आमची ही कपाळाला हात लावायची, पण चटणी व्हायची. हयातभर शाळेत गणित शिकवलं. या सदरातले तुम्हा लोकांचे अनुभवसुद्धा मी लाल पेन घेऊन वाचतो — इथे झोप अपुरी, इथे ताप, इथे सरळ थाप — अशा खुणा करत. परवा ही म्हणाली, "दुसऱ्यांच्या वह्या तपासता, एकदा स्वतःची उघडा की." म्हणून लिहितोय. तपासा खुशाल.

माझं गाव कोरेगावपासून चालत तासाभरावर. नाव मुद्दाम देत नाही, अजून नातलग आहेत तिथे. बेचाळीसच्या चळवळीत मी होतो, पण फार मोठं काही समजू नका. तारा तोडायला गेलेल्या पोरांच्या सायकली धरून मी रस्त्यात उभा होतो, एवढाच माझा पराक्रम. पण वॉरंट सायकल धरणाऱ्यावरही निघतं. मी पळालो आणि फिरत फिरत सांगलीत एका नाटक कंपनीच्या बिऱ्हाडी येऊन टेकलो.

कंपनी कसली... हळदीच्या रिकाम्या वखारीत राहणारी पंधरा-वीस माणसं. मालकांना आम्ही दादा म्हणायचो. त्यांनी मला एकदा नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "मिशी काढ, केस वाढव. राणीची सखी हो. पोलीस सखीकडे बघत नाहीत." मी लाजून अर्धा झालो, पण केस वाढवले. लढाईच्या दिवसांत टोप मिळणं मुश्कील, तेव्हा खरे केस असलेली सखी कंपनीलाही हवीच होती. दीड-दोन वर्षांत ते पाठीवर आले. वखारीतली हळद अंगात, कपड्यांत आणि केसांत इतकी मुरली होती, की कितीही न्हालो तरी वास जात नसे.

लांब केस मला तसे नवे नव्हते. आईला मुलगी हवी होती आणि झालो मी. तिने नवसाचं निमित्त करून पाचव्या वर्षापर्यंत माझं जावळ काढू दिलं नाही. रोज दिवेलागणीला मला पुढ्यात बसवून केस विंचरायची. फणी नंतर, आधी बोटांनी एकेक गुंता सोडवायची, टोकाकडून सुरुवात करून वर वर. मी हललो की म्हणायची, "गप बस की रं, झालंच."

ते जावळ शेवटी काढलं धोंडीनानांनी. नाना आमचे न्हावी. आमचे म्हणजे आमच्याच घराचे. बलुत्याच्या पद्धतीत प्रत्येक न्हाव्याची घरं ठरलेली असायची. सुगीत त्यांना धान्य जायचं आणि घरातलं प्रत्येक डोकं, पाळण्यापासून तिरडीपर्यंत, त्यांच्या हाताखालून जायचं. कुणी कोरेगावच्या बाजारात केस कापून आला तर नाना महिनाभर त्याच्याशी बोलत नसत. "माजं डोकं दुसऱ्याला दिऊन आला," म्हणायचे. त्यांच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हतं, गाडीच्या चाकाखाली गेलं होतं. तो गुळगुळीत अंगठा ते आधी डोक्यावरच्या भोवऱ्यावर दाबायचे आणि म्हणायचे, "हललास तर कान माजा." त्यांच्या हाताखालच्या कोणालाही तो अंगठा डोळे मिटून ओळखू आला असता.

आता त्या दिवसाकडे येतो. वैशाख होता. सकाळी चळवळीतल्या एका माणसाकडून गावचा निरोप आला — आईने अंथरूण धरलंय, अन्न सुटलंय, तुझं नाव घेते. निरोप आणणारा पुढे निघूनही गेला. मी संध्याकाळच्या गाडीने जायचं ठरवलं. लुगडं नेसून, अंबाडा घालून, बाईमाणूस म्हणून गावात शिरायचं, आईला बघायचं आणि परत. दादांनी अडवलं नाही. फक्त म्हणाले, "टोकं बघ कशी फाटलीत. अंबाडा धड बसायचा नाही, पदराखालून शेपट्या दिसतील. चार बोटं कापून घे. जास्त नको, परवा खेळ आहे."

वखारीच्या पलीकडच्या गल्लीत हुसेनचं सलून होतं. एक खुर्ची, एक आरसा, दारावर गोणपाटाचा पडदा. हुसेन माझ्याच वयाचा, थट्टेखोर.

"चार बोटं?" तो म्हणाला. "गड्या, आणि यणी घालून दिऊ का? गजरा हाय घरात."

मी हसलो नाही. माझं सगळं लक्ष गावाकडे होतं. त्याच्या ते ध्यानात आलं असावं. त्याने गुपचूप माझ्याभोवती पांढरं कापड बांधलं, केस पाठीवर मोकळे सोडले आणि तांब्या उचलून बघितला. रिकामा होता. "केसं वली केल्याबिगर सरळ कापायची न्हाईत. डोळं मीट वाईच, नळावर जाऊन आलोच." कात्री त्याने आरशाखालच्या खिळ्याला अडकवली होती, ती तिथेच राहिली. हे मी डोळे मिटायच्या आधी पाहिलं होतं.

दुपार टळटळीत होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गोणपाटातून गाळून येणारा उजेड पिवळा, माझ्या हातांवरची हळद पिवळी... लांब कुठेतरी रहाट कुरकुरत होता. मी झोपलो असेन. झोपलो नव्हतो असं मी छातीठोक सांगणार नाही.

भोवऱ्यावर अंगठा टेकला. गुळगुळीत, बिननखाचा.

"हललास तर कान माजा."

डोळे उघडायचे होते, पण पापण्यांवर इतकं गोड ओझं होतं की जमेना. भीती वाटली नाही. लहानपणी वाटायचं तसं वाटलं, आता आपलं सगळं दुसरं कोणीतरी बघून घेईल.

"नाना? तुमी हितं कसं?" इतक्या दिवसांनी माझ्या तोंडात गावची बोली आली.

"हितं कुटं? मी आपला वट्यावर हाय. तूच आलायस. माजं डोकं घिऊन दुसऱ्याच्या फुडं बसतोस व्हय रं?"

"रागावू नगा. चार बोटं फकस्त."

"चारच काढतो." मानेवर गार पाणी आलं. कात्री सुरू झाली, सावकाश, मध्ये मध्ये थांबत. "आज गावात यिऊ नगंस."

"आईला बघायचंय, नाना."

"घरात पावणं बसल्यात. दोन सोप्यात, एक कडब्याच्या गंजीमागं. चार दीस झालं, तेंच्या दाढ्या मीच करतोय. तुजी आईच म्हनली, पोराला कुनीतरी आडवा. माज्या उशाला येऊन धरला गेला तर माजा जीव सुखानं जायाचा न्हाई."

"म्हंजी जातीय ती?"

कात्री थांबली. नानांनी माझी मान थोडी खाली वाकवली. मग कात्री पुन्हा सुरू झाली.

"तिला सांगतो मी, तुमचं पोर बघितलं म्हनून. हात लावून बघितलं. केसं पार पाठीवर आल्यात म्हनून."

"तिला पटंल?"

"ह्ये नेतो की संगं," नाना म्हणाले, आणि अंगठा डोक्यावरून उठला.

मी डोळे उघडले तेव्हा हुसेन भरलेला तांब्या घेऊन पडदा सारून आत येत होता. माझ्या पाठीकडे बघून तो थबकला.

"कुनी कापलं?"

केस चार बोटं कमी झाले होते, एका रेषेत. ते ओले होते आणि मानेवरून पाणी ओघळत होतं. कात्री खिळ्यालाच होती, कोरडी. आम्ही दोघांनी खाली बघितलं. जमिनीवर एक केस नव्हता. कापडावर नव्हता, माझ्या मांडीवर नव्हता. हुसेनने तांब्या ठेवला, केरसुणीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्याची थट्टा पार आटली होती. "जा बाबा तू," एवढंच म्हणाला.

तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर मी गावाला जायचा बेत सोडला असेल. मुळीच नाही. मी स्वतःला समजावलं की मी झोपेत असताना हुसेननेच कापले आणि आता चेष्टा करतोय. संध्याकाळी लुगडं नेसलो, घट्ट अंबाडा घातला, सहा आकडे खोचले आणि स्टेशनवर जाऊन बाकावर बसलो. गाडी आली. डबा समोर उभा राहिला. मी उठणार, इतक्यात पदराखाली कुणीतरी माझ्या केसांना हात लावला.

नीट सांगतो. अंबाडा सुटल्यासारखा वाटला. केस पाठीवर मोकळे झाले आणि टोकाशी कोणाचीतरी बोटं आली. एक गुंता धरला, हळूच मोकळा केला. दुसरा धरला. मग थोडं वर. कुठे ओढ बसली की बोटं थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. मागे वळून बघायचं सुचलं नाही, कारण वळलो असतो तर ते थांबलं असतं. आई केस सोडवत असताना उठायचं नसतं, हे मला पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं. शिट्टी झाली, गाडी हलली, शेवटचा डबा गेला, स्टेशनवर दिवे लागले... मी बसूनच होतो. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नंतर हात लावून बघितलं तर अंबाडा जसाच्या तसा घट्ट होता, सहाच्या सहा आकडे जागेवर.

आठ दिवसांनी कळलं, आई तिसऱ्या दिवशी गेली. घरात पोलीस होते हेही कळलं. दोन सोप्यात, एक कडब्याच्या गंजीमागे.

म्हणजे मी वाचलो. पण त्याचा आनंद मला एक दिवसही झाला नाही. आई जात असताना हा शहाणा लुगडं नेसून बाकावर बसून राहिला, कशासाठी, तर दुपारच्या एका स्वप्नासाठी. दोन वर्षं मी स्वतःला हेच ऐकवत होतो. कोणाला काही सांगितलं नाही. फक्त केसांना पुन्हा कात्री लावू दिली नाही, दादा कितीही ओरडले तरी.

वॉरंट उठल्यावर गावी गेलो. कमरेपर्यंत केस घेऊन आलेल्या मला बघून गावाची चांगली करमणूक झाली. वडिलांनी दारातूनच सांगितलं, आधी नानाकडं जा. नाना त्यांच्या ओट्यावर बसले होते. मी पुढ्यात बसलो. त्यांनी केस हातात घेतले, टोकं उजेडात धरून बघितली आणि म्हणाले,

"माज्याच हातचं हाय. मागनं कुनाला हात लावू दिला न्हाईस, चांगलं केलंस."

मी मान वळवून बघितलं. "काय म्हनला, नाना?"

"त्या दिशी तुज्या आईनं सकाळीच हाक मारली. म्हनली, पोरगं यील, तेला आडवा. मी म्हनलं, कुटं हाय त्येच ठावं न्हाई, आडवू कुनाला? जेवून हितंच आडवा झालो. सपनात तू फुड्यात. बोललो काय काय, ध्यानात न्हाई समदं. जाग आली तर मांडीवर केसं. चार बोटं." त्यांनी स्वतःची चार बोटं जुळवून दाखवली. "त्या दिशी गावात असली लांब केसं मी कुनाची कापली नव्हती."

"मग?"

"मग काय, तिला नेऊन दिली. तिनं तोंडाला लावली. म्हनली, नाना, ह्येला हळदीचा वास कसा? मला तरी काय ठावं? मग मांडीवर घिऊन बोटांनी सोडवत बसली. म्हनली, गुंता लय केलाय बघा ह्यानं. पार दिवं लागलं तरी सोडवतच हुती. पावण्यास्नी वाटलं, म्हातारी सूत उकलतीय."

मी वडिलांना विचारलं. ते फार बोलणारे नव्हते. "मूठ उघडंना तिची," म्हणाले. "तशीच न्हेली."

आता तपासा. गणिताचा मास्तर म्हणून मीही खूप वेळा तपासलंय. मी नाटक कंपनीत आहे हे नानांच्या कानावर आलं असेल. माझ्या समाधानासाठी म्हाताऱ्याने आणि बापाने मिळून गोष्ट रचली असेल. मान्य. पण हुसेनच्या सलूनमध्ये जमिनीवर केस नव्हते, हे मी गावात कोणाला सांगितलं नव्हतं. हळदीचं सांगितलं नव्हतं. स्टेशनवरच्या बाकाचं तर हे लिहीपर्यंत फक्त हिलाच माहीत होतं. आणि पुरावा म्हणाल तर तो मुठीतच जळून गेला.

नानांनी त्या दिवशी सगळे केस कापले. अंगठा ठेवला, "हललास तर कान माजा" म्हणाले, आणि मी पोरासारखा रडलो. हे कसं झालं ते मला विचारू नका, मला सांगता येत नाही. सांगणार असाल तर तुम्हीच मला एवढं सांगा. शेवटच्या दिवसांत मी माझ्या आईला भेटलो, की नाही?