हौशीराम सरांची मुलगी बघायची पद्धत

हौशीराम सर इंग्रजी शिकवतात, असं म्हणायची आमच्या ओतुरात पद्धत होती. मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो. भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं, म्हणून सांगतो: ते इंग्रजी शिकवत नव्हते, नुसतं 'हूज', म्हणजे 'ज्याचा-जिचा', एवढंच शिकवत होते. फळ्यावर दोन वाक्यं लिहायची आणि मध्ये 'हूज' घालून जोडायची. एवढ्या भांडवलावर या माणसानं सबंध नव्वदचं दशक काढलं. तोरा मात्र असा, की साहेब जाताना त्याची भाषा यांच्याच हवाली करून गेला असावा.

उदाहरणं वर्गातलीच असत. "द बॉय हूज शर्ट इज टॉर्न, स्टँड अप!" पिंपरी पेंढारहून एसटीनं येणारं एखादं पोर फाटका खांदा झाकत उभं राहायचं. बाकीची हसायची, कारण न हसणाऱ्याचा नंबर पुढचा असायचा. याला हे अध्यापन म्हणत. मला त्या आवाजाचीसुद्धा किळस यायची.

निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, पण खोड काही सुटली नाही. मुलगा सुदर्शन लग्नाचा झाला, तशी सरांना नवी गिऱ्हाइकं मिळाली. मुलगी बघायला जायचं, पोह्यांची बशी हातात घ्यायची आणि समोर मान खाली घालून बसलेल्या मुलीला दोन वाक्यं देऊन "जोड" म्हणायचं. ती 'हूज'ऐवजी 'विच' म्हणाली, की अर्धी बशी तशीच खाली ठेवायची. झाला नकार! घरात स्वतःच्या बायकोशी, ठकूबाईंशी, 'पाणी' आणि 'वाढ' यापलीकडे ते तिसरा शब्द बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. अशा घरात यांना 'हूज' येणारी सून हवी होती, भाकऱ्या थापायला.

यात सुदर्शननं तिशी ओलांडली. नारायणगावला औषधांच्या दुकानात कामाला होता. लोक त्याला सालस म्हणत, मी भित्रा म्हणतो.

दोन हजार चार साली कळंबची मुलगी बघायला निघालो. माझं काम जीपमधली जागा भरायचं. मुलीचं नाव हर्षदा. मंचरला कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. सुदर्शननं तिला तिथं आधीच पाहिलं होतं. उतरताना माझा दंड धरून म्हणाला, "काका, ही लई आवडलीय मला. आज आमच्या अण्णांना तेवढं आवरा."

"तुला तोंड न्हाय का?" मी म्हणालो.

हर्षदा पोहे ठेवून समोर बसली, मान वर करून. तिचे वडील गेणभाऊ म्हणाले, "विचारा पावणं, काय विचारायचं त्ये."

सर घसा खाकरू लागले. तेवढ्यात हर्षदाच सुदर्शनकडे वळली. "तुम्हाला काही विचारायचंय का?"

किती साधा प्रश्न! सुदर्शननं तिच्याकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि बशीतले शेंगदाणे बाजूला करत बसला. त्याला दोन ठेवून द्याव्यात असं मला वाटलं.

"तो काय विचारणार? मी विचारतो," सर म्हणाले. "हूज वापरून एक वाक्य कर. स्वतःच्या मनानं."

हर्षदानं आणखी थोडी सुदर्शनची वाट पाहिली. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आय विल नॉट मॅरी अ मॅन हूज फादर स्पीक्स फॉर हिम."

ज्याच्या वतीनं त्याचा बाप बोलतो, त्याच्याशी मी लग्न करणार नाही. एवढं इंग्रजी माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तरालाही कळलं. सरांना फक्त 'हूज' ऐकू आलं.

"करेक्ट!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "व्हेरी गुड!" आणि बशी संपवून वर आणखी पोहे मागून घेतले. सुदर्शननं बशी खाली ठेवली होती.

परतीच्या वाटेवर सर भलतेच खुशीत होते. "उद्याच होकार कळवू. काय रे?"

सुदर्शन खिडकीबाहेर बघत होता. "अण्णा, ती नाय म्हणली."

"कधी?"

"तुमी व्हेरी गुड म्हणलात, त्याच्या आदी."